मार मैदानातला, गोष्ट बाथरूमची

सीटी स्कॅनच्या खोलीतून मला बाहेर आणलं तेव्हा समोरच्या बाकावर तीन माणसं बसली होती. आई, बाबा आणि आमच्या संघाचे मॅनेजर. मॅनेजर सर मधे बसले होते. हे मी मुद्दाम सांगते आहे. आजारी मी, आईबाप माझे, आणि मधे तो माणूस.

डॉक्टर मॅडमनी फिल्म उजेडावर धरली. कवटीच्या आत उजव्या बाजूला, हाड आणि मेंदू यांच्यामधे, रक्त साचलं होतं. मेंदू एका बाजूला ढकलला गेला होता. माझ्या डाव्या हाताला हे तीन आठवड्यांपासून कळत होतं, बाकीच्या मला त्या दिवशी कळलं.

"इसमें खून दो अलग-अलग टाइम का है," मॅडम म्हणाल्या. "एक पुराना, एक उसके बाद का. पर्चे में लिखा है, बाथरूम में फिसली. दो बार फिसली क्या?"

मी मॅनेजर सरांकडे बघितलं. ते मोबाइलमध्ये बघत होते.

"हाँ," मी म्हणाले. "दो बार."

मॅडमनी फिल्म खाली ठेवली. "बहुत गिरती हो बाथरूम में," एवढंच म्हणाल्या आणि ऑपरेशनच्या कागदावर सही घ्यायला सिस्टरला हाक मारली.

सही बाबांनी केली. त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्या वेळी मला लागलं तेव्हा ते स्टँडमध्ये बसले होते.

मी काय करायचे

मी हॉकी खेळायचे, सेंटर हाफ. सहा वर्षं एका सरकारी खात्याच्या संघात होते, आधी मानधनावर आणि शेवटी खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीत. त्या नोकरीचा प्रोबेशनचा काळ चालू होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सहा वर्षांत माझ्या नावावर नऊ गोल आहेत. हसू नका. सेंटर हाफचं काम गोल मारणं नाही. चेंडू माझ्याकडे यायचा आणि माझ्याकडून जायचा. कुठे जायचा, हे मी तो येण्याआधी ठरवलेलं असायचं. शाळेच्या मुरमाच्या मैदानावर आमचे सर सांगायचे, चेंडू बघू नकोस, तो कुठे पळून जात नाही, माणसं बघ. मग चेंडू येण्याआधी उजव्या खांद्यावरून एक नजर, डाव्या खांद्यावरून एक नजर. तेवढ्यात सगळं मैदान डोक्यात उमटायचं. कोण दमली आहे, कोण पुढे निघाली आहे, कोणती बचावपटू चुकीच्या पायावर उभी आहे. पास मी मुलीला देत नसे, ती दोन श्वासांनंतर जिथे असणार तिथे देत असे. स्कोअरशीटवर गोल मारणारीचं नाव लिहितात. तिला चेंडू कुणी दिला ते कुणी लिहीत नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मला बघण्याचे पैसे मिळत होते, आणि बघणं मला आवडत होतं.

आजारानं नेमकं तेच नेलं. पाय शाबूत आहेत, मनगट शाबूत आहे. डोक्यात उमटणारं ते मैदान गेलं.

संघाची रीत

आमच्या संघात नव्या मुलीला पहिल्याच महिन्यात एक वाक्य शिकवतात. चोट मैदान की, कहानी बाथरूम की. ते मॅनेजर शिकवत नाहीत, सीनियर मुली शिकवतात, हसत हसत. मलाही तसंच शिकवलं आणि मीही चौघींना शिकवलं. मैदानात लागलं असं बाहेरच्या डॉक्टरला सांगितलं तर कागद होतो. कागद झाला की तो खात्यात जातो. खात्यात गेला की मेडिकल बोर्ड, आणि बोर्ड होईपर्यंत संघातून नाव बाहेर. वर प्रश्न निघतात, स्पर्धेला डॉक्टर होता का, ॲम्ब्युलन्सची गाडी होती का. नसते. म्हणून सगळ्या बाथरूममध्ये पडतात. ओठ फाटला, बाथरूम. बोट मोडलं, बाथरूम. एकदा एकाच आठवड्यात आम्ही तिघी त्याच दवाखान्यात गेलो तर कंपाउंडर म्हणाला, "दीदी, हॉस्टल में टाइल्स बदलवा लो." आम्ही रस्ताभर हसत आलो.

त्या हसण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

कारण मला हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी मला. माझे बाबा रायपूरजवळच्या उरल्याच्या कारखान्यांत, एका रोलिंग मिलमध्ये होते. तिथे तापलेली सळई सुटून माणसाचा पाय भाजला की रजिस्टरमध्ये लिहीत, कामगार घरून जखमी होऊन आला. बाबा त्याविरुद्ध पत्रकं काढायचे. रात्रपाळी करून आले की दुपारी लिहायचे, आणि शाळेतून आल्यावर मी घड्या घालायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले. "अपघात लपवणे म्हणजे दुसरा अपघात करणे" हे वाक्य मला पाढ्यांआधी पाठ होतं. आणि मोठी होऊन मी काय केलं? माझ्या मालकासाठी तेच खोटं स्वतःच्या तोंडानं बोलले, आणि त्याला टीम स्पिरिट म्हणाले.

दोनदा

पहिला मार उपांत्य सामन्यात बसला. समोरचीची स्टिक वर आली आणि कानाच्या वर लागली. हे मला लोकांनी सांगितलं. मला स्वतःला आठवतं ते एवढंच की मी बॉल अडवायला वाकले, आणि त्यानंतर मी बाटलीतून पाणी पीत होते आणि सामना संपला होता. मधलं काही नाही. तेवढा तुकडा कापून नेल्यासारखा. त्या तुकड्यात मी खेळले म्हणे. शेवटपर्यंत खेळले.

दुसरा, नऊ दिवसांनी. धक्का लागून मागे पडले आणि डोकं टर्फवर आपटलं. हे मला आठवतं. उठले, स्प्रे मारला, खेळले.

मग डोकं दुखायला लागलं. मॅनेजर सरांनी गोळ्यांची पट्टी दिली आणि म्हणाले, "धूप लग गई है." सरावात पास चुकायला लागले. मी जिथे चेंडू देत होते तिथे कुणी नसायचं. आमची गोलकीपर सुमन राजनांदगावची, तोंडानं तिखट. ती मागून ओरडली, "का करत हस दीदी, भूत ला पास देवत हस का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण माझ्या डोक्यातल्या मैदानावर तिथे खरोखर एक मुलगी उभी होती.

मी एका डॉक्टरांकडे गेले. भले गृहस्थ. त्यांनी विचारलं, कसं लागलं? मी म्हणाले, बाथरूममध्ये, थोडंसंच. जास्त विचारू नये म्हणून हसले. त्यांनी डोळ्यांत टॉर्च मारला आणि गोळ्या दिल्या. उलट्या झाल्या तर लगेच या म्हणाले. मी त्यांना दोष देत नाही. मी त्यांना खोटा प्रश्न दिला, त्यांनी त्याचं बरोबर उत्तर दिलं.

उलट्या पाचव्या आठवड्यात सुरू झाल्या आणि मी हॉस्टेलवरून घरी आले. डावा हात तीन आठवडे जड वाटत होताच, एका सकाळी त्यातला चहाचा कप सुटला. मी तो पुन्हा उचलायला गेले आणि डावा हात आलाच नाही. आईनं फुटलेल्या कपाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि तशीच ऑटो बघायला धावली. पायात चप्पल नव्हती.

वॉर्ड

कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढतात. यापेक्षा जास्त मी सांगणार नाही, तुम्हाला ते डॉक्टर सांगतील. मी सांगते ते ते सांगणार नाहीत.

केस काढायला न्हावी आला, त्यानं अर्धंच डोकं भादरलं. ऑपरेशनला तेवढंच लागतं. मी म्हणाले, भैया, पूरा निकालो. तो म्हणाला, पूरे का ऑर्डर नहीं है. शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट मी केली ती रडण्याची, आणि ती मेंदूसाठी नाही, उरलेल्या अर्ध्या वेणीसाठी. लाज वाटून घेऊ नका. माणूस जिथून रडता येईल तिथून रडतं.

दिवसातून कितीतरी वेळा सिस्टर यायची. टॉर्च. नाम बताओ. कहाँ हो. महीना कौन सा. मेरी उँगली दबाओ. आता दुसरी. डोक्याशी एक नळी, तिच्या टोकाला पिशवी, आणि उताणं झोपायचं. उशी नाही. दोन दिवस मी फक्त छत बघितलं. छताला एक पंखा होता आणि त्याचं एक पातं वाकडं होतं. खेळाडूला निजवून ठेवतात तेव्हा त्याला जी भीती वाटते ती मरणाची नसते. मला वाटायचं, आत्ता या क्षणी माझ्या जागेवर कुणीतरी सराव करते आहे.

शेजारच्या खाटेवर अभनपुरची एक म्हातारी होती. ट्रॅक्टरवरून पडलेली. ती मला रोज विचारायची, "का होगे नोनी?" काय झालं पोरी? मी रोज सांगायचे, गिर गई दाई. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हव, गिरे हस. फेर कोन गिराइस?" म्हणजे, हो, पडलीस, पण पाडलं कुणी? अख्ख्या हॉस्पिटलात हा प्रश्न विचारणारी ती एकटी. तिनंच तिच्या सुनेला सांगून माझ्या उरलेल्या केसांना तेल लावून घेतलं. त्या सुनेची बोटं टाक्यांपासून दोन इंच लांब थांबायची, अगदी मोजल्यासारखी. नर्सिंगचं शिक्षण न घेतलेल्या बाईची बोटं.

मॅनेजर सर एकदा आले. सफरचंदं घेऊन. म्हणाले, "सबको बाथरूम ही बोला है, टेंशन मत लो." जणू ती त्यांनी आणलेली दुसरी भेट होती.

घर

घरी आल्यावर पडदे लावून बसावं लागे. उजेड सहन होत नव्हता, मिक्सरचा आवाज सहन होत नव्हता, आईनं हळू बोललेलंसुद्धा कानात टोचायचं. आई महिनाभर पाट्यावर चटणी वाटत होती. मी तिच्यावर ओरडायचे. या आजारात माणूस चिडचिडा होतो असं डिस्चार्जच्या कागदावर छापलेलं आहे. ते घरच्यांना वाचायला द्या. त्यांना वाटतं, पोरगी बदलली.

डोक्याला मार लागून कुणी हे वाचत असेल तर थोडं सांगते. झोप येईल तेव्हा झोपा, कुणी आळशी म्हणालं तर म्हणू द्या. मोबाइल बाजूला ठेवा. एखादा साधा शब्द आठवला नाही म्हणून रडू नका, मला "चाळणी" हा शब्द तीन दिवस सापडत नव्हता, नंतर आपला आपण आला. आणि डॉक्टरला पहिल्या दिवशी खरं सांगा. पहिल्या दिवशी. शेजारी कुणीही बसलेलं असो.

मी स्वतः खरं सांगायचं ठरवलं ते ऑपरेशननंतर दीड महिन्यानं. पुढच्या तपासणीत मॅडम खात्यासाठी फिटनेसचा कागद देणार होत्या. त्यावर आजाराचं कारण लिहिलं जाणार होतं. मी घरी सांगितलं की या वेळी मी बाथरूम म्हणणार नाही. आई आत स्वयंपाकघरात गेली. बाबा बोलले.

"कन्फर्म होऊ दे पयले," ते म्हणाले. "तीन महिने राहिले. मंग सांग कोनाले सांगाचं ते."

"बाबा, तुम्ही असं म्हणता?"

"मीच म्हणतो. दुसरं कोण म्हणन?"

"उरल्यात पाय भाजलेल्या माणसाला तुम्ही काय सांगत होते?"

"सांगत होतो. अन् काय झालं? मले गेटाबाहेर काढलं. अकरा वर्षं तुह्या आईनं शिलाई मशीन चालवली. तत्त्व माहं होतं, पाय तिचे दुखले."

"माहे पाय मधात आणू नका," आई आतून म्हणाली. "म्या कधी काही म्हटलं का?"

"नाई म्हटलं. म्हणूनच तं."

"पत्रक लिहून राहिले होते तेव्हा विचारलं नाही मले, आता माह्या पायाची आठवण काहून आली?"

बाबा उठून बाहेर गेले. दोन दिवस घरात आम्ही तिघं एकमेकांशी फक्त मीठ, पाणी आणि दाराची कडी एवढंच बोलत होतो. मला बाबांचा जितका राग आला तितका मॅनेजरचा आला नव्हता. मॅनेजर मला कधी काही शिकवायला आला नव्हता.

तपासणी

तरीही बाबा आले माझ्याबरोबर. मला एकटीला रस्ता ओलांडता येत नव्हता, गाड्या किती लांब आहेत ते कळत नव्हतं.

मॅडमनी हात दाबून बघितले, चालायला लावलं. म्हणाल्या, सुधारणा छान आहे. मग कागद पुढे ओढला. "ऑफिस के लिए चाहिए ना? हिस्ट्री बाथरूम ही रहने दूँ?"

"नहीं, मॅडम," मी म्हणाले. "मैं झूठ बोली थी. हॉकी खेलते समय लगा. दोनों बार." आणि जे होतं ते सांगितलं. 

मॅडमना धक्का वगैरे बसला नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "दूसरी बार का तुम बता सकती हो. पहली बार का तुम्हें खुद याद नहीं. तुमने ही दो बार बाथरूम लिखवाया है, अब बदल रही हो. तुम्हारा ऑफिस मुझसे पूछेगा, किस आधार पर बदला. किसी ने देखा है?"

मी सुमनला विचारलं होतं. ती फोनवर म्हणाली होती, "दीदी, मोर घलो प्रोबेशन हे." तिचंही प्रोबेशन चालू होतं. मी तिला पुन्हा विचारलं नाही.

"कोई नहीं," मी म्हणाले. बाबांचं नाव मी घेतलं नाही.

"मैंने देखा है," बाबा म्हणाले.

ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, बैठिए, पण ते उभेच राहिले. हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे. आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली, हिंदीत, एकेक गोष्ट क्रमानं. तिसरं क्वार्टर चालू होतं. स्टिक इथं लागली, त्यांनी स्वतःच्या कानावर बोट ठेवून दाखवलं. मुलगी पडली. पाणी मारलं. बाजूला बसवलं. मग ती उठली.

"उठी तो चलने लगी, मॅडम. उलटी तरफ. अपने ही गोल की तरफ जा रही थी. हाथ में स्टिक नहीं थी. मॅनेजर ने जाकर कंधे से पकड़ा, घुमाया, हाथ में स्टिक दी, और पीठ पर थपकी देके अंदर भेज दिया."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या कापून नेलेल्या तुकड्यात हे होतं. मी कुठे चालले होते, कुणी वळवलं, कुणी परत आत ढकललं. आणि ते बघणारा माणूस इतके दिवस माझ्या शेजारच्या खोलीत झोपत होता.

"और आप?" मॅडमनी विचारलं. कठोरपणे नाही, नुसतं विचारलं.

"मैं बैठा रहा," बाबा म्हणाले. "स्टँड में. सोचा, नौकरी का सवाल है."

मॅडमनी पेन उचललं आणि लिहायला घेतलं. 

आता

कागदावर दोन गोष्टी आहेत. खेळताना डोक्याला दोनदा मार. यापुढे स्पर्धात्मक हॉकी नाही. पहिली लिहून घ्यायला मी गेले होते, दुसरी तिच्या मागोमाग आली.

आता मी नवा रायपुरच्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसते. बस क्वचितच असते, ती चुकली की त्या रुंद रस्त्याच्या कडेला उन्हात उभं राहावं लागतं, आणि सिमेंटचा तो पांढरा उजेड अजून डोळ्यांत जातो. प्रोबेशन वाढवलं आहे. मॅनेजर संघाबरोबर बाहेरगावी स्पर्धेला गेले आहेत. आणि मला एक पत्र आलं आहे. आपण वैद्यकीय अधिकाऱ्यांना सुरुवातीला खोटी माहिती का दिली, याचा सात दिवसांत खुलासा करावा. मला. त्यांना नाही.

खुलासा मी लिहिला. चार पानं. संघाची रीत, गोळ्यांची पट्टी, नसलेली गाडी, सफरचंदं, सगळं. मी खोटं बोलले हेही लिहिलं आणि त्याबद्दल माफी मागितली नाही, कारण ज्यांच्यासाठी बोलले तेच आता विचारत आहेत. नोकरी राहील की जाईल मला माहीत नाही. खोटं बोलून खेळ गेला. खरं बोलून नोकरी जाणार असेल तर निदान या वेळी मी जागी असेन.

काल संध्याकाळी ती पानं मी बाबांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, दोन ठिकाणी विशेषणं खोडली. मग पेन मागितलं आणि चौथ्या पानाच्या तळाशी, माझ्या सहीच्या खाली, त्यांच्या हातानं लिहिलं: "माझ्या मुलीला शुद्ध नसताना पुन्हा मैदानात पाठवलेलं मी पाहिलं. तेव्हा मी उठायला पाहिजे होतं. उठलो नाही." खाली सही केली, पूर्ण नाव लिहिलं, आणि नावापुढे कंसात, साक्षीदार.